मांडूच्या वाटेवरच्या अनोळखी हातांना

इंदूर–मांडू–इंदूर या जवळपास 200 किलोमीटरच्या सरावात सायकलस्वारांना सावरणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

पंक्चरवाले काका, तुमचे आधी. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडकं फिरवून तुम्ही बाभळीचा काटा शोधलात. तो राहिला असता तर दुसरी ट्यूबही गेली असती. सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला कॉम्प्रेसरची नळी बसत नाही, म्हणून पितळी अडॅप्टरही तुम्ही जपून ठेवलाय! त्या इवल्या तुकड्याची किंमत रस्त्यावरच कळते.

चहावाल्या मावशी, लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून बाटल्या भरून दिल्यात. नुसत्या पाण्यानं घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही.

आणि अंधारात ओव्हरटेक करताना पुरेसं अंतर ठेवणारे ट्रकवाले भैया, तुमचेही.