आठवी ते दहावीच्या वाचनवर्गासाठी मदतीचं आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबईकर चाकरमानी आणि वाचनालयाचे हितचिंतक यांस,
स. न. वि. वि.

गणपती तीन आठवड्यांवर आले. तुमची तिकिटं केव्हाच झाली असतील, म्हणून त्याआधी हे पत्र. गौरी-गणपती आटोपल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी वाचनवर्ग सुरू करायचा आहे आणि वर्गाच्या खात्यात शिल्लक आहे 6,200 रुपये.

गेल्या वर्षी याच वर्गाचं आवाहन ग्रुपवर टाकलं, तर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. पावत्या फाटल्या सात. त्याच आठवड्यात डीजेची वर्गणी दोन दिवसांत पुरी झाली. बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

त्या सातांचं ऋण मात्र मोठं. वरच्या वाडीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पेन्शनमधून पैसे तर दिलेच, वर पावसात छत्री सांभाळत दर शनिवारी स्वतः येऊन बसल्या. बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्यांनी निम्मं बिल सोडलं, तेही कुणाला सांगू नका म्हणून (आता सांगितलं, क्षमस्व). रिक्षावाल्या भाऊंनी डिझेल तेवढं घेतलं. आणि परळ-लालबागच्या खोल्यांतून ज्यांच्या मनिऑर्डरी वर्षानुवर्षं येत राहिल्या, 1982 च्या गिरणी संपातही ज्यांनी वाचनालयाची वर्गणी थकवली नाही, त्या जुन्या मंडळींच्या कपाटातली पुस्तकं आजही आपण घरी नेतो. त्यांची नातवंडं हे वाचत असतील, तर त्यांनाही नमस्कार.

काही जण विचारतात, दहावीच्या पोरांना वाचायला काय शिकवणार, अक्षरं तर येतात. येतात. धडा घडाघडा वाचतात आणि पुस्तक मिटलं की त्यात काय होतं ते सांगता येत नाही. हे मराठीच्या बाईंचं काम, असंही ऐकवलं जातं. पण घोडं अडतं ते इतर विषयांत. ‘मूळ’ हा शब्द विज्ञानात झाडाचा, बीजगणितात वर्गसमीकरणाचा. डोक्यावर हंडा घेऊन तासभर उभं राहिलं तरी विज्ञानाच्या लेखी ‘कार्य’ शून्य, कारण विस्थापन नाही. हे सांगितल्याशिवाय मूल घरातला अर्थ लावतं आणि पुढचं सगळं चुकतं. गणितात ‘एका संख्येची दुप्पट ही दुसरीच्या तिपटीपेक्षा 4 ने कमी आहे’ असं आलं की 2x − 4 = 3y लिहून मोकळी होतात. हवं 2x = 3y − 4. आकडेमोड येते, अडतं ते ‘पेक्षा’ आणि ‘ने’ पाशी. सेमीच्या (गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या) मुलांचं आणखी वेगळं: रिफ्रॅक्शनची, म्हणजे प्रकाशाच्या अपवर्तनाची, व्याख्या इंग्रजीत पाठ, पण पाण्यात बुडवलेली काठी वाकडी का दिसते ते ना इंग्रजीत सांगता येत, ना मराठीत.

दहावीच्या भूगोलात भारताच्या जोडीला ब्राझील आहे. तिथल्या ईशान्य भागाच्या अवर्षणाचा परिच्छेद घ्या. ‘पर्जन्यछाया’ वाचून मुलांना वाटतं, ढगांची छाया, म्हणजे पाऊस जास्त! खरं तर ती डोंगराआडची, पाऊस कमी पडणारी बाजू. आंबोलीत पाऊस कोसळत असताना आजऱ्यापलीकडे गडहिंग्लजकडे गेलं की तो कसा ओसरतो, हे यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. दोन्हींची सांगड घातली जात नाही, एवढंच. म्हणून वर्गात पहिलं उत्तर मालवणीत चालतं. ‘थंय पाऊस कित्याक पडणा नाय?’ (तिथे पाऊस का पडत नाही?) असं विचारलं की कारण बरोबर निघतं, मग तेच पुस्तकी मराठीत लिहायचं. ‘कारणे लिहा’ म्हणजे ‘कित्याक?’, हे एकदा बसलं की माहीत असेल ते सगळं ओतण्याची सवय सुटते.

पद्धत साधी आहे. आठ-दहा ओळींचा एकच उतारा, आधी मूकवाचन. दुसऱ्यांदा वाचताना ‘परिणामी’, ‘तरीही’, ‘याउलट’, ‘अन्यथा’ अशा जोडशब्दांखाली पेन्सिलीने रेघ. अडलेले शब्द, पाचाच्या वर नाहीत, विषयवार रंगाच्या चिठ्ठीवर. पुस्तक मिटून शेजाऱ्याला सांगायचं. शेवटी स्वतःची चार वाक्यं. पाळीपाळीने मोठ्याने वाचायला लावत नाही, कारण तेव्हा प्रत्येक जण आपली ओळ कधी येते तेच मोजत असतो. साध्या झेरॉक्समध्ये नकाशातले पावसाचे रंग एकसारखे करडे होतात, म्हणून नकाशे रंगीतच लागतात. चिठ्ठ्यांना बुरशी येते, त्यासाठी घट्ट झाकणाचे डबे.

आता हिशोब. मुलं 36 (प्रत्येक इयत्तेची 12), शनिवारी दुपारी 3 ते 4.30 व रविवारी सकाळी 9 ते 10.30, जानेवारीअखेरपर्यंत 20 आठवडे. उताऱ्यांच्या झेरॉक्स 1,440 × 2 रु. = 2,880; रंगीत नकाशे, दोघांत एक, 144 × 10 रु. = 1,440; 200 पानी वह्या 72 × 45 रु. = 3,240; चिठ्ठ्या, पेन्सिली, डबे 940; इन्व्हर्टरची बॅटरी (जुनी बसली, लाइट गेली की वर्ग सुटतो) 15,000; पलीकडच्या दोन वाड्यांना त्या वेळी एसटी नाही म्हणून रिक्षा 40 फेऱ्या × 300 रु. = 12,000. एकूण 35,500, शिल्लक वजा जाता हवेत 29,300. सरकारी अनुदान पगार, पुस्तकं आणि वीजबिलात संपतं. देणगीवरची 80जी ची आयकर सवलत आपल्याकडे नाही, हे आधीच सांगतो. पावती मात्र हातोहात.

वस्तुरूपाने द्यायचं तर आठवी व दहावीची 2018 पासूनची आणि नववीची 2017 पासूनची पाठ्यपुस्तकं चालतील. पेन्सिलीच्या खुणा असल्या तरी हरकत नाही, उत्तरं भरलेली नकोत. गाईड कृपा करून आणू नका, मागच्या खेपेला दोन पोती रद्दीत घालावी लागली. रविवारसाठी दोन माणसंही हवी आहेत. शिक्षकच पाहिजे असं नाही, पण गप्प बसता आलं पाहिजे. मूल अडलं की लगेच उत्तर सांगणारा आमच्या उपयोगाचा नाही.

देणग्या वाचनालयाच्या कचेरीत सायंकाळी 5 ते 7 या वेळेत, सोमवारी बंद. गणपतीत आलेल्या मुंबईकरांसाठी पाचही दिवस सकाळीही उघडं ठेवू.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)