गाडी उभी आहे

वावा, ऑन्टारियो, कॅनडा
१७ जानेवारी, रात्रीचे साडेनऊ (तुमच्याकडे उद्या सकाळचे आठ)

ति. आई, दादा, वहिनी आणि सावंतवाडीला ताई,

सा. न. दादा हे तूच मोठ्याने वाच, आईचा चष्मा देवघरात राहिलेला असणार. वाचून झालं की ताईला फॉरवर्ड कर, कारण यातलं अर्धं तिच्या चिरंजीवांसाठीच आहे, त्याला माझ्यासारखं इथं ट्रक चालवायला यायचंय ना.

व्हॉइस नोट करत होतो पण तीनदा डिलीट मारली, बोलायला लागलं की माझं आपलं "सगळं बरं आहे, जेवलात काय" एवढंच होतं आणि पुढे सुचत नाही. आज वेळच वेळ आहे. दुपारी तीनला पोलिसांनी रस्ता बंद केला, इथून सू सेंट मरीपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर, लेक सुपीरियरवरून वारा सुटलाय आणि समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. ट्रक स्टॉपच्या पटांगणात तीसेक गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या आहेत, जत्रेला बसी लागतात तशा, फक्त नाटक नाही आणि भज्यांचं दुकान नाही.

ह्याला हे लोक तळं म्हणतात. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर, आणि आपला अख्खा गोवा ३,७०२. बावीस गोवे आत टाकले तरी जागा उरते. त्याचं पाणी जानेवारीतसुद्धा पूर्ण गोठत नाही म्हणून तर ही भानगड, वरून थंड कोरडा वारा जाताना पाण्याची वाफ उचलतो आणि ह्या बाजूला येऊन बर्फ करून ओततो. दहा मिनिटांपूर्वी चांदणं आणि आता बॉनेट दिसत नाही, असं. ताई, तुझ्या पोराला सांग चोर्ला घाटातलं जुलैचं धुकं आठव. आता ते धुकं ताशी साठ-सत्तरच्या वेगाने आडवं धावतंय असं समज, आणि समोरून दुसरा ट्रक येतोय, कारण हा सतरा नंबरचा हायवे बऱ्याच ठिकाणी दोनच लेनचा आहे. समोरचा ट्रक गेला की मागे उडवलेल्या बर्फाचा ढग सोडून जातो, तीन-चार सेकंद तू आंधळा. त्या तीन-चार सेकंदांत मधे मूस उभा असला तर संपलं. मूस म्हणजे गवारेड्यासारखं धूड, पण पाय इतके लांब की धडक बसली की अंग सरळ काचेवर येतं.

ताई, तुझ्या पोराचा मला मेसेज होता, "मामा मी बेळगावची भाजी रात्री घाटातून आणतो, मला वेगळं काय शिकायचंय." मी पण हेच म्हणायचो. गोव्यात मयेपासून सारमानसच्या जेटीपर्यंत मॅंगनीज म्हण, लोखंड म्हण, दहा-दहा टन भरून खेपा मारल्या, समोरच्याच्या धुरळ्यात, डोळे लाल. मला वाटलं होतं ट्रक तो ट्रक. इथं आल्यावर कळलं की तिथलं लायसन्स, तिथली वर्षं, सगळं शून्य, परत शाळेत. इथं मॅनिटोबा प्रांतात क्लास वनसाठी, म्हणजे असल्या मोठ्या ट्रकच्या लायसन्ससाठी, १२१.५ तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे, २०१९ च्या सप्टेंबरपासून. त्याआधी नव्हतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या सस्कॅचेवानात एक ट्रक "स्टॉप" लिहिलेली पाटी न पाहता चौकात घुसला आणि हॉकी खेळणाऱ्या पोरांची बस त्याच्यावर आदळली, १६ जणं गेली. ड्रायव्हर नवीनच, आपल्याच देशातून आलेला. शिकवणारा मास्तर पहिल्याच दिवशी हे सांगायचा आणि सांगताना आमच्याकडे बघायचा नाही, फळ्याकडे बघायचा.

बर्फाची भीती पांढऱ्या बर्फाची नाही रे, तो दिसतो. खरा वैरी काळा बर्फ, रस्ता नुसता ओला दिसतो, डांबर स्वच्छ, आणि त्यावर काचेसारखा पापुद्रा. आईला कळेल असं सांगतो: जूनच्या पहिल्या सरीला मायनिंगच्या रस्त्यावर लाल धुळीची साय व्हायची आणि बाबा त्या दिवशी गाडी काढायला द्यायचे नाहीत, आठवतं? तसं. फक्त इथं तो "पहिला पाऊस" ऑक्टोबर ते एप्रिल चालतो.

थंडीत गाडीलाही माणसासारखं जपावं लागतं. परवा विनिपेगहून निघालो तेव्हा उणे ३८ होतं. डिसेंबरात आपली खोबरेलाची बाटली थिजते ना, डिझेलचं तसंच होतं, त्यात मेण असतं ते जमतं आणि फिल्टर तुंबतो. इथं हिवाळ्याचं डिझेल वेगळं मिळतं, पण खालून टेक्सासकडून उन्हाळी डिझेल भरून कोणी वर आला आणि औषध टाकायला विसरला की रस्त्याच्या कडेला उभा. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत पाणी साठतं ते रोज सोडायचं, नाहीतर लाइनमध्ये बर्फ धरतो. ब्रेक ओले असताना पार्किंग ब्रेक ओढून झोपलास तर सकाळी शू ड्रमला चिकटलेला, मग गाडीखाली पाठीवर पडून हातोडा मारत बस. मी मारलाय. उणे तीसमध्ये हातमोजा काढून लोखंडाला हात लावला की कातडी धरते, एकदाच लावतो माणूस.

आणि एक गंमत. माझ्या मागे ५३ फुटी फ्रीजचा ट्रेलर आहे, आत बटाटे, टोरांटोला चाललेत. बाहेर आत्ता उणे २४ आणि फ्रीज अधिक ७ वर लावलाय. म्हणजे फ्रीज बटाट्यांना शेक देतोय! वहिनीला हे पटणार नाही पण खरं आहे, हिवाळ्यात आम्ही फ्रीज चालवतो ते माल गोठू नये म्हणून. तो बंद पडला तर दोन-तीन हजार किलोमीटरची मेहनत भाजीवाल्याच्या कुत्र्यालाही खपणार नाही. म्हणून दर दोन तासांनी उतरून मागे त्याचा आकडा बघून येतो, बाळाला ताप बघतात तसा.

आता आई, एक सांगायचं राहिलं होतं. रागावू नको, तीन वर्षं झाली त्याला.

पहिल्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, ड्रायडन आणि इग्नेसच्या मधे. ट्रेलर रिकामा होता आणि मी इंजिन ब्रेक, म्हणजे इंजिनच्याच जोराने चाकं धीमी करणारा, चालू ठेवलेला, घाटात सवय ना. रिकामी गाडी हलकी, मागची चाकं बर्फावर, आणि उतारावर इंजिन ब्रेकने ती चाकंच धरली. आवाज काही नाही. एकदम शांत. मी डावीकडच्या आरशात बघितलं तर ट्रेलर दिसायला लागला, म्हणजे जिथं रस्ता दिसायला पाहिजे तिथं माझाच ट्रेलर, हळूहळू मोठा होत. चाकूचं पातं मिटतं तशी गाडी मिटत होती. मास्तरचं वाक्य आठवलं की नाही मला माहीत नाही, हाताने आपोआप स्विच बंद केला, पाय सगळ्यावरून काढला, ब्रेकला हात-पाय काही लावला नाही, नुसतं स्टिअरिंग सरळ धरून बसलो. ती सरळ झाली. कडेच्या बर्फात जाऊन रुतली आणि थांबली. खरचटलं पण नाही. मागून एक पंजाबी ड्रायव्हर येत होता, बापाच्या वयाचा, तो थांबला, खिडकीवर टकटक केली, थर्मासमधला चहा दिला आणि विचारलं, "पुत्तर, इतनी जल्दी कहाँ की थी?"

मला उत्तर देता आलं नाही. घाई अशी होती की आदल्या दिवशी चौदा तास असंच रस्ता बंद म्हणून बसलो होतो आणि आम्हाला पैसे मैलावर मिळतात. चाक फिरलं तर पैसे, उभं राहिलं तर शून्य. तेव्हाच्या कंपनीत तर नावाला माझीच एक कंपनी काढायला लावली होती, म्हणजे मी कामगार नाही, सुट्टीचे पैसे नाहीत, काम गेलं तर सरकारचा भत्ता नाही. ह्या लाइनीत त्याला नावच आहे, ड्रायव्हर इंक. डिस्पॅचवाला, म्हणजे गाड्यांना खेपा लावून देणारा, फोनवर "दुसरे लोक चाललेत, तूच का थांबलास" म्हणायचा, स्वतः हीटरपुढे बसून. सोडली ती. आताची बरी आहे, थांबलं तर तासाचे काहीतरी देतात आणि रात्री फोन करून छळत नाहीत.

पण दादा, नुसते पैसे नव्हते ते. उभी गाडी बघितली की माझ्या पोटात कायतरी व्हायचं. आपण २०११ ला टिपर घेतला कर्ज काढून, आणि पुढच्या सप्टेंबरात मायनिंग थांबलं, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी. बाबा रोज सकाळी उठून गाडीला पाणी मारायचे, कुठे जायचं नाही तरी. मग २०१५ ला जरा सुरू झालं, हप्ते थोडे फिटले, आणि मार्च २०१८ ला परत बंद. आपल्या वाड्यावर घराघरापुढे उभे ट्रक, कोणाच्या बॉडीत तण, कोणाच्या केबिनमधे कोंबडी. आठ वर्षं मी उभी गाडी बघत जेवलोय. त्यामुळे इथं थांब म्हटलं की मला वाटायचं झालं, परत तेच. हे समजायला मला एक हिवाळा आणि एक खड्डा लागला.

आता गाडीत मशीन आहे, इंजिनला जोडलेलं, चाक हललं की लिहितं. दिवसात तेरा तास चालवणं, चौदा तास काम, मग केबिनमधल्या बंकवर झोप. पण ते मशीन फक्त दमलेल्याला थांबवतं, बर्फाला बघून थांबायचं ते स्वतःलाच. आज रस्ता बंद व्हायच्या अर्धा तास आधीच मी इथं आत घेतली गाडी. माझ्यामागचे दोघे पुढे गेले, एक जण संध्याकाळी टो होऊन परत आला, गप्प बसून सूप पीत होता. कोणी काही विचारलं नाही त्याला.

इथले लोक ह्या रस्त्याचं एक सांगतात. थंडर बेच्या पुढे निपिगॉनचा पूल आहे, कॅनडाची पूर्व आणि पश्चिम तिथं एकाच रस्त्याने जोडलेली. २०१६ च्या जानेवारीत, पूल उघडून दीड महिना झाला होता, त्याचा एक भाग दोनेक फूट वर उचलला गेला, बोल्ट तुटले. देशाचे दोन तुकडे, पलीकडे जायचं तर अमेरिकेतून फिरून. मी त्यांना मांडवीच्या पुलाचं सांगितलं, १९८६ च्या जुलैचं, आई सांगते तसंच, की सगळी पणजी फेरीबोटीच्या रांगेत उभी होती. त्यांना फेरीबोट समजली, मांडवी म्हणायला जमली नाही.

जेवणाची काळजी करू नका. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा डबा आहे, त्यात दोन तासांत भात होतो, उकडा नाही मिळत पण चालतं. ताईने दिलेली सोलां (कोकमं) संपत आली, आठवड्यातून एकदाच काढतो, गरम पाण्यात मीठ-मिरची टाकून पितो आणि शेजारच्या केबिनमधल्या युक्रेनच्या पोराला देतो. त्याने पहिल्यांदा प्यायल्यावर तोंड असं केलं, पण आता मागतो. वाटेत एक-दोन पंजाबी ढाबे लागतात, पराठा चांगला, डाळीत लोणी एवढं की चमचा उभा राहील. सुका बांगडा केबिनमधे भाजायचा विचार एकदा आला होता. विचारच बरा, दुसऱ्या दिवशी कंपनीने गाडी विकली असती.

मांडावर बायकांच्या धालोची गाणी-नाच सुरू झाले असतील ना आता? वहिनी, व्हिडिओ पाठव, मागच्या वर्षीसारखा उभा नको, आडवा धर फोन. काजूला मोहोर आला काय ते पण सांग.

ताई, पोराला ये म्हणायचं की नको ते मी ठरवत नाही. यायचं असेल तर आधी एजंटला एक रुपया द्यायचा नाही, मला विचारल्याशिवाय कागदावर सही नाही. आणि उन्हाळ्यात येऊ दे, हिवाळ्याआधी पाच-सहा महिने सुकी सडक मिळाली पाहिजे. माझ्याबरोबर एक फेरी बाजूच्या सीटवर बसून मारू दे जानेवारीत. मग तोच काय ते सांगेल.

दादा, टिपर. भंगारात द्यायचा काय ह्या तुझ्या मेसेजला चार दिवस उत्तर दिलं नाही ते मुद्दाम नाही, म्हणजे मुद्दामच. तू म्हणतोस डिचोलीचं परत सुरू झालंय, पण आपल्या गाडीचं आता पासिंग व्हायचं नाही, आणि झालं तरी चालवणार कोण, तुझी कंबर तशी, मी इथं. दे. पण अंदाजपंचे देऊ नको, साखळी गावात वजनकाट्यावर नेऊन वजन करून किलोवर दे, ते भंगारवाले इंजिन वेगळं धरत नाहीत, तू वेगळं धरायला लाव. टायर दोन चांगले होते, ते आधी काढ. आणि जॅक देऊ नको, तो बाबांनी वास्कोहून आणलेला, अजून वीस वर्षं जाईल, ताईच्या पोराच्या पिकअपला होईल.

प्लाव, बर्फ लोटणाऱ्या गाड्या, सुटलेत वाटतं, निळा दिवा फिरताना दिसतोय गेटाकडे. फ्रीजचा आकडा बघून येतो.

तुमचा,
धाकटा