अस्सल होन बघायला मिळेल का?

महोदय,

शिवराई होन एकदा तरी समोर पाहावा, ही माझी शाळेपासूनची इच्छा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेलं हे सोन्याचं नाणं जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. फोटो पाहून पाहून अक्षरांची वळणंही पाठ झाली आहेत. तांब्याची शिवराई इंग्रजी अमदानीतही चालायची, त्यामुळे ती कुणाच्या ना कुणाच्या देव्हाऱ्यात निघते; माझ्याकडची आजीच्या हळदीकुंकवाच्या डब्यातली. होनाचं तसं नाही.

गेल्या महिन्यात रजा काढून एका संग्रहालयात गेलो, तर काचेमागे मुलामा दिलेली प्रतिकृती! ‘मूळ नाणं तिजोरीत आहे,’ एवढंच उत्तर मिळालं. चोरीची भीती कळते. पण वर्षातून एक दिवस, ६ जूनला, बंदोबस्तात अस्सल होन मांडायला काय हरकत आहे? शेजारी एक भिंगही ठेवावं. जत्रेतले नकली होन ‘ओरिजिनल’ समजून घेणाऱ्यांनाही फरक कळेल. मी तर पहाटेपासून रांगेत उभा राहीन.

– एक नाणेसंग्राहक, सातारा