रविवारची पॉइंट टू-टू (.२२ बोअर) नेमबाजीची प्रॅक्टिस

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६ ला मेहरूण तलावाजवळ जमायचंय, तिथून रेंजवर. उशीर नको, १० नंतर जळगावचं ऊन उभं राहू देत नाही.

रायफल ५० मीटर, पिस्तूल २५ मीटर. आन्शुट्झ, वाल्थर, ज्याला ज्या कंपनीची आवडते ती आणा, मला तर बोल्ट अॅक्शनच (दर गोळीला हातानं बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, ओढायचा), एकेक गोळी सावकाश मारायची मजा वेगळीच, स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं ते ५० मीटर रायफलवरच ना!

- ओरिजिनल लायसन्स हवंच
- रिकाम्या चेंबरवर (गोळी बसते ती जागा) ट्रिगर दाबू नका, रिमफायरची (गोळीच्या बुडाच्या कडेवर ठोका बसून फुटणारी, आपली पॉइंट टू-टू तीच) पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि दोन्ही खराब होतात
- गोळी फुटली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा
- कानाला मफ्स, डोळ्याला चष्मा

नाश्त्याला कळण्याची भाकरी आन ठेचा, येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव टाका.