शुक्रवारची प्रार्थना, एकट्याने कुढत बसू नका
मंडळींनो, शुक्रवारी संध्याकाळी ७ ला चर्चमागच्या हॉलमध्ये प्रार्थना आहे. पावसाळी मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरात पैसा नाही आणि बऱ्याच जणांची झोप उडालीय, माहितीय. स्तोत्र ८८ वाचू, ते शेवटपर्यंत काळोखातच राहतं तरी बायबलमध्ये आहे, म्हणजे देवापुढे रडणं, त्याला जाब विचारणं हा अविश्वास नाहीच. येशूसुद्धा पकडला गेला त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यांना म्हणालाच ना, माझ्यासोबत जागे राहा. गेल्या पावसात मी बाकावर नुसती बसून होते, तोंडातून शब्द फुटेना, शेजारच्या मावशींनी गपचूप हातात रोझरी, म्हणजे जपमाळ, ठेवली, तेवढ्यावर ती रात्र निघाली. कुणाला जीव नकोसा झाला असेल तर शुक्रवारची वाट बघू नका, आत्ताच टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास. आणि येताना जपून, हॉलच्या पायऱ्या शेवाळल्यात.