माकडतापाच्या मागावर असणाऱ्यांचे काय?

संपादक महोदय,

करोनानंतर माझ्याकडे येणारी बारावीची मुले विषाणुशास्त्राविषयी आवर्जून विचारतात. पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, १९५२ची तिची स्थापना, तेथील एम.एस्सी.चा अभ्यासक्रम हे सारे मी उत्साहाने सांगते. पण 'पुढे नोकरीचे काय?' हा पालकांचा प्रश्न मला अडवतो.

माझी भाची या क्षेत्रात आहे. प्रयोगशाळेत विषाणू ज्यांत वाढवतात त्या पेशी जिवंत ठेवायच्या तर त्यांचे पोषकद्रव्य वेळेवर बदलावेच लागते, मग रविवार असो की दिवाळी. ती ते आनंदाने करते. मात्र तिची नेमणूक प्रकल्पापुरती आहे, आणि तो संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. एकदा तर पाठ्यवृत्तीही कित्येक महिने रखडली होती.

असे किती दिवस चालायचे? क्यासनूर जंगलातील ताप १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात सापडला. हाच माकडताप पुढे सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत पोहोचला. तो गोचिडांमार्फत पसरतो. जंगलात पांढरे कापड फिरवून गोचीड गोळा करणे, त्यांच्या जाती ओळखणे ही नजर वर्षानुवर्षांच्या कामातून येते. करार संपून माणूस गेला की ती नजरही जाते.

साथ आली की घाईने भरती होते, ओसरली की कपात. त्याऐवजी पीएच.डी.नंतर किमान पाच वर्षांची नेमणूक, दरमहा वेळेवर पाठ्यवृत्ती आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळांत विषाणुशास्त्रज्ञांची कायम पदे शासनाने द्यावीत.

– एक जीवशास्त्र शिक्षिका, सातारा