आमच्या ह्यांच्यासाठी थेरपिस्ट शोधून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्यापेक्षा लहान, पण पहिल्या दिवसापासून तोंडात ताईच आलं, ते तसंच राहू द्या. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, त्याला तुम्ही नोकरीच म्हणाल. मला ते चार लोकांसमोर सांगायचं आहे, कारण ह्यांना जो आजार निघाला, नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे सतत मान लागणं आणि दुसऱ्याचं मन न कळणं हा स्वभावच होऊन बसणं, त्यासाठी कुणाकडे जायचं हेच आमच्या भागात कुणाला ठाऊक नसतं. हे पत्र आमच्या ह्यांनी वाचलं आहे. एक ओळ काढायला लावली, ती काढली. बाकीचं त्यांच्या होकारानं.

आमचे हे गावातलं वजनदार माणूस. बोलायला लागले की माणसं ऐकत बसतात, अडल्यानडल्याला धावून जातात, आणि मान जरा कमी पडला की घरादाराला त्याची शिक्षा. पोळ्याच्या तोरणात आमची जोडी मागं लागली, तर सणाचा स्वयंपाक तसाच पडून राहिला. लग्नपत्रिकेत नाव खालच्या ओळीत छापलं म्हणून मावसभावाशी बोलणं कायमचं बंद. पोरीनं स्वतःच्या मनानं काही ठरवलं की तो ह्यांचा अपमान. मला ताप आला तरी दोन वाक्यांत गोष्ट त्यांच्या दगदगीवर यायची. माहेरचे, सासरचे सगळे म्हणायचे, "मानाचा भुकेला माणूस आहे, सांभाळून घे वो माय."

मग सोसायटीच्या निवडणुकीत पडले, आणि माणूस बसूनच गेला. झोप गेली, बाहेर निघणं थांबलं, कपाशीवर फवारणीची वेळ टळली तरी वावराकडे फिरकले नाहीत. एका रात्री जे बोलले ते ऐकून मी हादरले. दुसऱ्या दिवशी गावच्या आशाताई आल्या. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत राज्य सरकारनं २०१५ साली शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून असल्या गोष्टी सरळ विचारायची त्यांना सवय आहे. त्यांनी आधी घरातलं फवारणीचं औषध उचलून दिराकडे ठेवायला लावलं, मग तुमच्याकडे पाठवलं. त्यांचेही आभार इथेच मानते.

हे यायला तयार नव्हते. "मले काही झालं नाही, लोकायले झालं आहे," हेच पालुपद. आणि मानसोपचार म्हटलं की आमच्याकडे नागपूरचा पागलखाना चौकच डोळ्यासमोर येतो. झोपेच्या गोळ्या मिळतील एवढं सांगून मी त्यांना आणलं होतं. तुम्ही उठून त्यांना खुर्ची दिलीत, भाऊ म्हणालात आणि झोपेचंच विचारलंत. मग निवडणुकीचं सगळं रामायण ऐकून घेतलंत. कुणी कसा दगा दिला, कुणाची लायकी काय. तुम्ही हो ला हो केलं नाही आणि खोडूनही काढलं नाही. शेवटी एवढंच विचारलंत, "एवढं झाल्यावर रात्री एकटं असताना काय होतं, भाऊ?" ते रडले. लग्नानंतर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

त्याआधी एका खासगी दवाखान्यात पाच मिनिटांत चिठ्ठी मिळाली होती. मोबाईलवरच्या व्हिडिओंत तर एकच सल्ला: अशी माणसं राक्षस असतात, कधी सुधारत नाहीत, पळा. तुमच्या डॉक्टरांनी आधी नैराश्याचा उपचार सुरू केला आणि व्यक्तिमत्त्वाबद्दल घाईनं काही ठरवलं नाही. पुढं बऱ्याच भेटींनंतर नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे निदान झालं, तेव्हा तुम्ही मला बसवून समजावलंत. निकषांत नऊ लक्षणं आहेत, त्यातली किमान पाच लागतात, आणि तीही तरुणपणापासून, घरी-बाहेर सगळीकडे दिसणारी. नुसता तापट किंवा फुशारक्या मारणारा माणूस म्हणजे हा आजार नव्हे. यावर खास अशी गोळी नाही. गोळ्या नैराश्याच्या, झोपेच्या. खरा उपचार बोलण्याचा, आणि तो महिन्यांत नाही, वर्षांत मोजायचा. तुम्ही बरं होण्याची हमी दिली नाहीत. त्यामुळेच तुमच्यावर विश्वास बसला.

असा बोलण्याचा उपचार नेमानं करणारं जवळपास कुणी मिळेना. सेवाग्राम, सावंगी, नागपूर, तुम्ही फोन लावत राहिलात. मलाही फोनवर काय विचारायचं ते शिकवलंत, आणि तो कागद माझ्याकडे अजून आहे. तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहात का, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? व्यक्तिमत्त्व विकाराच्या रुग्णांसोबत दीर्घकाळ काम केलं आहे का, की फक्त समुपदेशन करता? स्कीमा थेरपीसारखी (लहानपणापासून मनात रुजलेल्या समजुतींवर काम करणारी) कुठली पद्धत वापरता? दर आठवड्याला वेळ देता येईल का, व्हिडिओवर चालेल का, फी किती, कमी होईल का? रुग्ण मध्येच सोडून गेला तर काय करता? या शेवटच्या प्रश्नाला कुणी नीट उत्तर दिलं तर तिथे थांबा, असं तुम्ही म्हणाला होतात. नागपूरच्या एका मॅडमनी दिलं. सुरुवातीच्या भेटी तिकडे एसटीनं जाऊन, पुढं व्हिडिओवर. घरात एवढी माणसं, कुठं बसून बोलणार? हे वावरातल्या गोठ्यात बसतात. तिथे रेंजही येते. वेचणीच्या दिवसांतही ती वेळ कुणी मोडत नाही.

तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, की एक दिवस हे चिडून येतील आणि थेरपी बंद म्हणतील, तेव्हा घाबरू नका, या आजारात ते बऱ्याचदा होतं. तसंच झालं. मॅडमनी काहीतरी टोकलं आणि घरी येऊन, "हे कालची पोट्टी मले काय शिकवते!" मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही त्यांची समजूत काढली नाहीत, मॅडमची बाजूही घेतली नाहीत. म्हणालात, "भाऊ, हे माझ्याकडं नका सांगू. सोडायचं तर सोडा, पण एकदा जाऊन त्यांच्या तोंडावर सांगा, की तुमच्या बोलण्यानं मी लहान झालो." ते जाऊन खरंच बोलले. मॅडमनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, भेट रद्दही केली नाही. अपमान झाला तरी नातं तुटत नाही, हे आमच्या ह्यांनी बहुधा पहिल्यांदाच अनुभवलं. लहानपणी त्यांच्या वाट्याला काय आलं तेही पुढं त्याच खोलीत निघालं. ते त्यांचं आहे, मी इथे लिहीत नाही.

आणि ताई, माझ्याबद्दल. ह्यांना बाहेर बसवून तुम्ही मला विचारलंत की हात उचलतात का, पैसे कुणाच्या हातात असतात. आजार आहे म्हणून सहन करणं ही बायकोची ड्यूटी नाही, असं तुम्ही स्पष्ट म्हणालात. महिलांच्या मदतीचा १८१ नंबर दिलात, घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली तालुक्याला संरक्षण अधिकारी कुठे बसतात ते सांगितलंत. माझ्यावर तिथे जायची वेळ आली नाही. पण तो रस्ता माहीत झाल्यावर मी घरात उभी राहायला लागले, आणि हे ओरडले की आता मी खोलीतून उठून जाते. माझ्यासाठी तुम्ही वेगळी वेळही ठेवलीत. मला कुणी तसं कधी बसवून विचारलं नव्हतं.

हे बरे झालेत असं मी लिहिणार नाही. मागच्याच महिन्यात पुतण्याच्या हळदीतून तडक निघून आले. पण पोरीनं कृषी पदविका घ्यायची म्हटलं तेव्हा भांडण न करता धुऱ्यावर निघून गेले, आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "पुन्हा सांग बरं, काय म्हणत होतीस." तिनं सांगितलं. मध्ये न बोलता त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात असं असेल, तर टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सरकारी खर्चानं चालणारे मानसिक उपचार मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला हक्क आहे. तुमची तिथून बदली झाल्याचं कळलं. मॅडमचा नंबर तुमच्या जागी आलेल्या नव्या ताईंना मी देऊन आले आहे, आणि तुम्ही लिहून दिलेल्या त्या प्रश्नांची झेरॉक्ससुद्धा.

तुमची,
यवतमाळ जिल्ह्यातली एक शेतकरीण